वापरानंतरचा अनुभव: आइस हॉकीचे स्केट्स, वरून तिसरं आयलेट आणि एक नंबर जास्त

उजव्या बुटाचं वरून तिसरं आयलेट, म्हणजे लेसच्या भोकातली धातूची कडी, निघालं. आधी सैल वगैरे काही झालं नव्हतं. लेस ओढताना टक् आवाज आला आणि ते थेट हातात आलं, येताना भोकाच्या कडेचा एक तुकडा सोबत घेऊन. सीझन अजून संपलेला नाही, बूट दिसायला नव्यासारखे, पात्यात स्टील भरपूर शिल्लक. म्हणून हा रिव्ह्यू. त्या एका आयलेटवर मी गरजेपेक्षा जास्त लिहिणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मॉडेलचं नाव देत नाही, कारण शेवटी भांडण मॉडेलशी राहिलंच नाही. मधल्या श्रेणीतले बूट आहेत: कॉम्पोझिटच्या (तापवल्यावर मऊ पडणाऱ्या कडक मिश्र साहित्याच्या) बाजू, फेल्टची जाड जीभ, बदलता येणारं पातं. पात्याबद्दल एकच ओळ लिहिते. अर्ध्या इंचाचा हॉलो (पात्याच्या तळाला दिलेली गोलाकार खोबण), धार टिकते, पुढे चला.

बूट घेऊन दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि निकाल दिला, ‘लेस फार ओढता तुम्ही. हे वॉरंटीत बसत नाही.’ मी म्हटलं, लेस असतेच ओढायला. तो म्हणाला, प्रमाणात. मग प्रमाण किती, ते कुठे लिहिलंय ते दाखवा, असं बरंच झालं. शेवटी त्याने नवं आयलेट बसवून द्यायची तयारी दाखवली, पण मजुरी माझ्याकडून. मी बूट उचलले आणि बाहेर पडले. चूक त्यांची आणि पैसे माझे, हा हिशोब मला पटत नाही.

वादाला कारण आहे. बूट घेतले तेव्हा ते याच दुकानात बेक केले होते. ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल: भट्टीत साधारण 80 अंश सेल्सियसला काही मिनिटं ठेवतात, बाजू मऊ पडल्या की पाय घालायचा, टाच मागे आपटून बसवायची, लेस बांधायची आणि गुडघे काटकोनात ठेवून दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं. उठायचं नाही, चालायचं नाही. गरम बुटाची लेस बाहेरच्या बाजूला, आडवी ओढायची असते, वर नाही. बाजू मऊ असताना वर ओढलं तर सगळा ताण आयलेटच्या कडेवर येतो आणि ती जागा कायमची कमजोर होऊ शकते. माझ्या वेळी लेस बांधणारा मुलगा घाईत होता. एक गुडघा जमिनीवर टेकवून तो दोन्ही हातांनी लेस वर खेचत होता, आणि प्रत्येक खेचीला आयलेटभोवतीचं कापड किंचित उचललं जाताना मला दिसत होतं. तेव्हा वाटलं, रोजचं काम आहे त्याचं, त्याला कळत असेल. आता यातलं काहीच सिद्ध करता येत नाही, आणि काउंटरवरच्या माणसालाही ते नेमकं ठाऊक होतं.

घरी येऊन पेन्सिलची चाचणी केली. पाय आत, टाच मागे, लेस सैल, जीभ पुढे ओढलेली, आणि वरून तिसऱ्या आयलेटच्या जोडीवर पेन्सिल आडवी. (हो, तेच तिसरं. डाव्या बुटावर केली, कारण उजव्यात ते उरलंच नव्हतं.) पेन्सिल दोन्ही कडांवर सपाट टेकली आणि खाली पायाला लागली नाही, तर बुटाची खोली पुरेशी. पायावर टेकून डुगडुगली, तर बूट उथळ. माझी पेन्सिल मस्त सपाट बसली. म्हणून इथपर्यंतचा रिव्ह्यू मी त्याच रात्री लिहून ठेवला होता, आणि त्याचा शेवट असा होता: फिटिंग उत्तम, आयलेट भिकार, पाचपैकी दोन तारे.

अपडेट. तारे बदलावे लागतायत.

माझ्या टीममधली एक जण बरीच वर्षं बचावात खेळते. तिने बूट पाहिले आणि आयलेटबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, ‘लेस पूर्ण आवळल्यावर दोन्ही रांगांमध्ये किती अंतर उरतं?’ घट्ट बांधून दाखवलं. इंचभरही नाही. ते दीड ते दोन इंचांच्या आसपास हवं. रांगा इतक्या जवळ येत असतील तर बूट पायाच्या मानाने मोठा किंवा रुंद आहे, आणि लेस पायाला धरण्याऐवजी बुटाची घडी घालतेय. पेन्सिलवाली चाचणी हे सांगतच नाही! ती फक्त बूट उथळ आहे का एवढंच पकडते. बूट गरजेपेक्षा ऐसपैस असेल तर पेन्सिल त्याहून छान सपाट बसते आणि आपण खूश.

मग तिने मला गुडघे वाकवून स्केटिंगच्या पवित्र्यात उभं केलं आणि टाचेमागे बोट घातलं. ते आरामात आत गेलं. तिथे फार तर पेन्सिलीएवढी फट चालते.

इथून पुढे सगळ्या गोष्टी एका ओळीत लागल्या. टाच मागच्या खळग्यात बसत नव्हती, प्रत्येक पावलाला मिलिमीटरभर वर उठत होती. ती जागेवर राहावी म्हणून मी लेस आवळत होते. आवळल्यामुळे घोट्याच्या पुढच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) जिभेखाली दाबल्या जाऊन सामन्यानंतर तिथे लाल पट्टा उमटायचा आणि पायऱ्या उतरताना ठणकायचा. हाच तो लेस बाइट. त्यावर मी जेलची पट्टी घेतली, ती दोष झाकत राहिली. पहिल्या काही शिफ्टमध्ये (बर्फावर उतरायच्या पाळ्यांमध्ये) तळव्याला पेटके यायचे, त्याला मी वॉर्मअप कमी पडतोय असं धरून चालले होते. प्रत्यक्षात बूट सैल असल्यामुळे पायाची बोटं आतून जमीन पकडायला बघत होती. आणि या सगळ्या ओढाताणीचा भार येत होता वरच्या तीन आयलेटवर.

एवढा मोठा बूट मला मिळाला कसा? हे कळल्यावर मी पुन्हा चिडले. हॉकी स्केटचा नंबर रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीडने लहान घ्यायचा, हे तुम्ही शंभरदा वाचलं असेल. तो हिशोब अमेरिकी पद्धतीतल्या पुरुषांच्या नंबरावरून आहे. स्केट्सचे नंबर बहुतेक ठिकाणी पुरुषांच्याच मोजणीत येतात, म्हणून बाईने आपल्या नंबरातून दोन ते अडीच वजा करायचे. माझा नंबर विचारून त्या मुलाने सरळ दीड वजा केला होता. पाय मोजला नाही, उभं केलं नाही, मोजपट्टी भिंतीवर टांगलेली होती ती तशीच राहिली. एक पूर्ण नंबर म्हणजे लांबीत साडेआठ मिलिमीटरच्या आसपास फरक. अंगठ्यापुढे साडेआठ मिलिमीटर रिकामे असले की बूट दुकानात फार आरामशीर वाटतात. मलाही वाटले होते. ‘किती छान बसले’ असं आम्ही दोघंही म्हणालो.

तर आता आयलेटवरचा राग निम्मा कमी करते. उरलेला निम्मा त्या वर खेचलेल्या लेसवर, आणि तो कमी होणार नाही.

आधी आहे त्या बुटात भागवायचा प्रयत्न केला, कारण सीझनच्या मध्यात दुसरी जोडी घेणं जिवावर येतं. जाड सोल घातला, टाच थोडी वर आली आणि घोट्याजवळची पकड आणखी ढिली झाली. टाचेच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या पट्ट्या लावल्या, त्याने फरक पडला, पण घामाने त्या सरकायच्या आणि सामन्याच्या मध्यात एक पट्टी कमानीखाली सापडायची. जाड मोजे तर मुळीच घालू नका. ते आत दबतात, भिजतात आणि टाच आणखी फिरते. कॅनडाचा जुना हॉकीपटू बॉबी ऑर मोजे न घालता खेळायचा हे प्रसिद्ध आहे. तेवढं करायची गरज नाही, पण कल कुठल्या बाजूचा हवा ते कळतं. लांबीला औषध नाही. रुंदी थोडी बेकिंगने आवळता येते, एखादी जागा पंच करून फुगवता येते, पण लांब बूट आखूड होत नाही.

शेवटी दुसरीकडे गेले. तिथल्या बाईंनी आधी दोन्ही पाय उभ्याने मोजले, कारण वजन पडल्यावर पाय पसरतो. डावा किंचित मोठा निघाला. मग मला एकापाठोपाठ एक बूट घालायला लावले. आता जवळपास प्रत्येक कंपनी एकाच नंबरात निरनिराळे साचे देते. बॉअरमध्ये फिट 1, 2, 3, म्हणजे अरुंद-उथळपासून रुंद-खोलपर्यंत. सीसीएममध्ये टेपर्ड, रेग्युलर, वाइड. ट्रूचा बूट एकसंध कवचाचा, तो तापवून पायाभोवती जास्त वळवता येतो. सीसीएम मुळात 1899 ची सायकलवाली कंपनी, आणि बॉअर 1933 पासून पातं जोडलेले बूट विकतेय. इतक्या वर्षांत या मंडळींना नंबरांची एक सामाईक पद्धत ठरवता आलेली नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. एका कंपनीतला माझा नंबर दुसरीत अर्ध्याने बदलला.

बाईंचं लक्ष नंबराच्या आकड्याकडे नव्हतंच. सरळ उभं राहिल्यावर बोटं टोकाला हलकी घासली पाहिजेत, दुमडता कामा नयेत. गुडघे वाकवले की टाच मागे सरकते आणि बोटं टोकापासून सुटली पाहिजेत. त्या हे बुटावरून हात फिरवून नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघून तपासत होत्या. ‘सरळ उभं राहून ठीक वाटतंय म्हणालात, पण वाकल्यावर भुवया खाली आल्या नाहीत, म्हणजे मोठा आहे,’ असं एका बुटाला म्हणाल्या. मला गंमत वाटली, पण तो बूट खरंच मोठा होता.

घेतला तो आधीच्यापेक्षा पूर्ण एक नंबर लहान आणि अरुंद साच्याचा. मागच्या वर्षीचं मॉडेल पडून होतं, रंग कुणाला नको असलेला, त्यामुळे किंमत उतरलेली. रंगाचं कौतुक मला नाही. बेकिंग झालं तेव्हा लेस आडवी ओढली जातेय का, ते मी खाली वाकून बघत होते. बाई हसल्या, पण आडवीच ओढत होत्या. चोवीस तास बर्फावर जाऊ नका म्हणाल्या, तेही पाळलं.

पहिले काही दिवस वाईट गेले. बोटं सतत टोकाला लागताहेत असं वाटायचं आणि सामना संपल्यावर बूट कधी काढते असं व्हायचं. पण टाच हलत नव्हती. एका पायावरून दुसऱ्यावर वजन टाकताना आधी जो एक क्षण उशीर व्हायचा, पाय वळला आणि मागून बूट वळला असा, तो गेला. मी त्याला माझ्या तंत्रातली खोट समजत होते, प्रशिक्षकही तसंच म्हणत होते. उलटं स्केटिंग करताना डावीकडे वळणं एकदम सोपं झालं. लेस आता निम्म्या जोराने बांधते, वरचं एक भोक सोडून, म्हणजे घोटा पुढे वाकायला मोकळा राहतो. रांगांमधलं अंतर दोन इंचांच्या जरा आत. लाल पट्टा उमटत नाही. जेलची पट्टी पिशवीच्या तळाशी पडून आहे.

सुधारित तारे द्यायचे तर जुन्या जोडीला चार. बूट म्हणून त्यात खोट नाही, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या पायाचे होते. आयलेट साध्या बूट-दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतलं, दुकानाने सांगितलेल्या मजुरीच्या मानाने किरकोळ पैशात. पितळेचं आहे, बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसतं, पक्कं बसलंय. जोडी आता टीममधल्या गोलकीपरची बहीण वापरते. तिच्या रांगांमध्ये बरोबर दोन इंच उरतात, मी मोजून दिले. जुन्या दुकानाला तारा नाही.

नव्या जोडीला साडेचार. अर्धा कापला तो उजव्या करंगळीच्या बाजूच्या दुखण्यासाठी. तिथे बूट पंच करून घेतला होता. तेव्हा आराम पडला, पण कॉम्पोझिट हळूहळू मूळ आकाराकडे परत येतं आणि काही आठवड्यांनी तीच जागा पुन्हा टोचायला लागली. पुढच्या आठवड्यात परत टाकणार आहे. पहिल्या वेळचे पैसे दिलेत, या वेळी फुकट करून द्या असं सांगून बघते.