हजार रुपयांच्या आसपासची स्पार्कलिंग वाइन : सुला ब्रूट

धाकट्या भावाच्या बढतीनिमित्त छत्रपती संभाजीनगरात घरीच जेवण ठरले, आणि हजार रुपयांच्या आसपासची स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी, वाइन आणण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दुकानातली बाटली काचेच्या कपाटात, थेट उन्हात उभी होती. मागच्या उन्हाळ्यात तशीच एक घेतली होती, तिला शिजलेल्या सफरचंदाचा वास येत होता आणि फेस जेमतेम होता. म्हणून दुसऱ्या दुकानात जाऊन फ्रीजमधली सुला ब्रूट घेतली. आपल्याकडच्या मे महिन्यात किमतीआधी बाटली कुठे ठेवली आहे ते पाहावे.

लेबलवरचा ‘ब्रूट’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्याचा अर्थ लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. ‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाने कोरडी वाटली तरी तिच्यात १२ ते १७ ग्रॅम साखर असते, म्हणजे ती ब्रूटहून गोड. शँपेन हे नाव फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रांतातल्या वाइनला लागते, मात्र नाशिकची ही वाइन त्याच पारंपरिक पद्धतीने तयार होते : दुसरे किण्वन (साखरेचे मद्यार्कात रूपांतर) बाटलीतच होते आणि त्यातून निघालेला वायू वाइनमध्येच मुरतो. त्यामुळे आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून अधिक असतो.

म्हणूनच उघडताना घाई करू नये. बर्फ आणि पाणी भरलेल्या पातेल्यात बाटली अर्धा तास ठेवली, बुचावरच्या तारेच्या जाळीचा पीळ सहा अर्धे वेढे देऊन सैल केला, बुचावर अंगठा दाबून धरला आणि बूच न फिरवता बाटली फिरवली. हलकासा सुस्कारा ऐकू आला, थेंबही सांडला नाही. वाइनला हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा वास होता, बुडबुडे बारीक होते, आणि शेवटी किंचित कडसर चव रेंगाळली, जी मला मनापासून आवडली.

कांदाभजी आणि गरम धपाट्यांबरोबर ती फार खुलली, कारण तिचा आंबटपणा तळणीचे तेल जिभेवरून धुऊन काढतो. नान-खलिया (नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा) पानात आल्यावर मात्र मसाल्यापुढे तिची चव उरली नाही, तेव्हा ती जेवणाआधीच घ्यावी. ७५० मिलिलिटरमध्ये १२५ मिलिलिटरचे सहा ग्लास होतात; उरलीच तर बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही साधत नाही, घट्ट बसणारे झाकण लागते.