पिकअपसाठी तीन टनी ट्रॉली जॅक: काही महिने वापरल्यानंतर

ट्रॉली जॅक, म्हणजे गाडी उचलायचा चाकांवरचा हायड्रॉलिक जॅक, घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, किती टनी देऊ? पिकअपवाल्यानं त्याआधी उंची विचारावी. सगळ्यात खाली असताना जॅक किती उंच असतो आणि पूर्ण वर गेल्यावर किती जातो, हे दोन आकडे कळल्याशिवाय पैसे मोजू नयेत. इतके महिने वापरल्यावर माझं हे मत पक्कं झालंय.

आमची गाडी बोलेरो पिकअप. निफाड तालुक्यातल्या मळ्यातून लासलगाव आणि पिंपळगावच्या बाजारात कांदा न्यायचा, हंगामात द्राक्षाचे क्रेट, हे तिचं काम. ऑइल बदलणं, ग्रीसिंग, टायर मागेपुढे करणं, मागचे ब्रेकचे ड्रम काढून धूळ साफ करणं ही कामं आम्ही दोघे भाऊ घरीच करतो. गाडीसोबत मिळालेला बॉटल जॅक, म्हणजे बाटलीसारखा उभा छोटा जॅक, पंक्चरपुरता ठीक आहे, पण त्याचं बूड लहान आणि गाडीला टेकणारा माथा इवलासा. गाडीखाली सरपटत जाऊन तो लावायचा आणि आडवं पडूनच पंप मारायचा. रोजच्या देखभालीला हे परवडत नाही.

टनाचं गणित तसं सोपं आहे. रिकामी पिकअप दोन टनांच्या आत बसते. एक चाक उचलताना जॅकवर त्यातला साधारण पाव भाग येतो, म्हणजे अर्धा टन. मागचा अख्खा एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा आस, मधून उचलला तरी टनाच्या आसपास. म्हणून रिकाम्या गाडीला दोन टनी जॅकही पुरतो. मग तीन टनी का घेतला? कारण छोट्या दोन टनी जॅकचा हात, म्हणजे माथा वर नेणारी लोखंडी भुजा, आखूड असतो आणि बरेचसे 34-35 सेंटीमीटरवर थांबतात. आमचा 50 सेंटीमीटरपर्यंत जातो. मी पैसे मोजले ते या वरच्या पंधरा सेंटीमीटरसाठी.

हा फरक कमानपाट्यांच्या, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर बसलेल्या गाडीत फार जाणवतो. जॅक चेसीखाली, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली लावला तर पहिले कितीतरी पंप नुसते पाट्यांना सैल करण्यात जातात. चेसी वर चाललेली दिसते, पण चाक जमिनीला चिकटलेलंच. आखूड जॅक इथंच संपतो. मग लोक जॅकखाली विटा, फळ्यांचे तुकडे रचतात, आणि तिथंच अपघात होतात. तोच जॅक एक्सलखाली, पाट्याच्या जवळ लावला तर चाक थोड्याच पंपांत सुटतं. त्यामुळे चाक काढायचं असेल तर एक्सल, आणि पाट्याचं किंवा शॅकलचं (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या कडीचं) काम असेल तर चेसी. चेसीखाली लावायचा तर आधी टेपनं गाडीची उंची मोजा, मग दुकानात जा.

एक्सलखाली लावताना एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्यावी लागते. ब्रेकचा लोखंडी पाइप एक्सलच्या नळीला धरून गेलेला असतो. जॅकचा माथा त्याच्यावर आला तर पाइप चेपतो, आणि ते बाहेरून लवकर लक्षात येत नाही. आम्ही आता टॉर्च मारून, बोट फिरवून खात्री करतो, मगच पंप मारतो. माथ्यावर मधोमध खाच असलेला जाड रबरी ठोकळा ठेवलाय. गोल नळी त्यात नीट बसते आणि लोखंडावर लोखंड सरकत नाही.

जागेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण आपल्याकडे घरी सिमेंटचा गॅरेज फारच थोड्यांकडे असतो. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो. माथा सरळ वर जात नाही, थोडा मागेही येतो. तो गाडीच्या त्याच जागेला टेकून राहावा म्हणून जॅकला स्वतःच्या चाकांवर पुढे सरकावं लागतं. कोब्यावर तो आपोआप सरकतो. मुरमाच्या अंगणात त्याची लोखंडी चाकं रुततात. मग सरकतो तो माथा, एक्सलवरून. जॅक कलताना दिसला की आम्ही लगेच खाली घेतो. शेवटी आम्ही जाड चेकर्ड प्लेटचा, म्हणजे उठावाच्या नक्षीच्या लोखंडी पत्र्याचा तुकडा कापून आणला, जॅकच्या लांबीपेक्षा बराच लांब, म्हणजे चाकांना फिरायला जागा राहते. पावसाळ्यात तर याच्याशिवाय काम होत नाही. ज्यांच्याकडे नुसतं मातीचं अंगण आहे त्यांनी प्लेटचा खर्च जॅकच्या किमतीतच धरावा.

चाकाला ठोकळा लावण्यावर आमच्या मिस्त्रींचा फार जोर. फोनवर काहीही विचारलं तरी त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: “दादा, पुढच्या चाकाला दगड लावला का?” त्याला कारण आहे. या गाडीचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मागचा एक्सल मधून उचलला की दोन्ही मागची चाकं हवेत, हँडब्रेक असून नसल्यासारखा. गिअरचाही भरवसा नाही. एकच मागचं चाक उचललं तरी डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या एक्सलमधल्या गिअरमुळे) ते मोकळं फिरतं आणि गिअरमधली गाडीही सरकू शकते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना, दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. चाकाचे नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करून घ्यायचे.

आणि जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायची लोखंडी घोडी. जॅक फक्त उचलायला, गाडी धरून ठेवायला नाही. आतला एक वॉशर गेला की तेल मागे येतं आणि गाडी खाली बसते. स्टँडशिवाय आमच्यात कोणी गाडीखाली जात नाही, मग काम दोन मिनिटांचं का असेना. स्टँड घेतानाही उंचीच बघायची. नेहमीचे तीन टनी स्टँड 42 सेंटीमीटरच्या आसपास संपतात, ते एक्सलला पुरतात. चेसीसाठी 60 सेंटीमीटरपर्यंत जाणारे सहा टनी लागतात. मी भोकातून आरपार पिन घालायचे स्टँड घेतले. अमेरिकेत 2020 मध्ये हार्बर फ्रेट या दुकानसाखळीला दातेरी रॅचेटचे (पिनेऐवजी दात्यांत खटका अडकून उंची धरणारे) स्टँड मोठ्या संख्येनं परत मागवावे लागले होते, कारण काहींचे दाते भाराखाली निसटण्याचा धोका होता. जाडजूड पिन आरपार गेलेली डोळ्यांना दिसते, म्हणून मनाला स्वस्थता असते.

आता खुद्द जॅकविषयी. नवा आणला तेव्हा हँडल मारलं तरी हात स्पंजासारखा दबत होता, वर चढत नव्हता. आत हवा अडकली होती. रिलीज व्हॉल्व्ह, म्हणजे जॅक खाली घ्यायची झडप, सैल करून, भार न देता भराभर पंप मारले, व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा बघितलं, तेव्हा पहिल्या पंपापासून हात उचलू लागला. खाली घेताना हँडल अगदी हळू, केसभर फिरवायचं. आमच्या जॅकचा व्हॉल्व्ह छान आहे, गाडी सावकाश उतरते.

वजन हा त्याचा खरा तोटा. तीस किलोंच्या आसपास भरतो, एकट्यानं उचलून ठेवणं कठीण. गाडीत टाकून न्यायची ही वस्तू नाही. रस्त्यात भरल्या गाडीचं पंक्चर झालं तर बॉटल जॅकच कामाला येतो, तो गाडीतून काढू नका. पावसाळ्यात मागच्या फिरत्या चाकांना गंज धरला. ग्रीस दिल्यावर ती मोकळी झाली, पण आवाज राहिला. जॅक नेहमी हात पूर्ण खाली करून ठेवतो, म्हणजे दट्ट्याचा चकचकीत भाग आतच राहतो आणि गंजत नाही. तेल तपासायचं तेही हात खाली असतानाच. कमी वाटलं तर 32 नंबरचं हायड्रॉलिक ऑइल टाकावं. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्यानं आतले रबरी सील फुगून खराब होतात.

कंपनीचं नाव बघून भुलू नका. दुकानदाराला सरळ विचारा, याचं सील किट, म्हणजे आतल्या रबरी वॉशरांचा संच, मिळतं का आणि कुठं? दोन दुकानांत मला “खराब झाला तर नवाच घ्या” असं उत्तर मिळालं. तिसऱ्यानं कपाटातून किटची पिशवी काढून दाखवली. हजारभर रुपये जास्त पडले, पण जॅक तिथूनच घेतला.