पुण्याची ऑफर की रावेरात स्वतःची भट्टी: सही करण्याआधीचा हिशेब

ऑफर लेटर मेलवर येऊन पडलंय, उत्तराला आठवड्याची मुदत आहे आणि मन मात्र केळीच्या वेफर्समध्ये गुंतलंय. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत दर वर्षी हीच ओढाताण चालते. घरात वाद होतो तो 'पगार की आवड' असा, आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. पॅकेजचा आकडा म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. वेफर्सच्या धंद्यातही तळण्या-चवीचं आवडीचं काम दिवसातले दोन-तीन तासच असतं. बाकी वेळ सोलणं, पॅकिंग, दुकानं आणि वसुली. तुलना करायची तर महिनाअखेरीला दोन्हीकडे काय उरतं याची करा, आणि रोजचा दिवस कशात जातो याची.

पॅकेज मोडून पाहा

उदाहरणाला ४,२०,००० चं पॅकेज घेऊ. महिन्याला ३५,००० दिसतात. त्यातून कंपनीचा पीएफ वाटा १,८०० (१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के), मूळ वेतन १७,५०० धरलं तर ग्रॅच्युइटीचे सुमारे ८४०, विम्याचे ५०० आणि १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला पगाराचा भाग) म्हणजे ३,५०० बाजूला काढा. उरतात २८,३६०. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो (फेब्रुवारीत ३००, २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर नाही). नव्या कररचनेत या पगारावर आयकर लागत नाही. खात्यात येतात साधारण २६,३००.

व्हेरिएबल वर्षाअखेरीला मिळालं तर मिळालं, ते हिशेबात धरू नका. ग्रॅच्युइटीही कायम नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हाती येते. पीएफ मात्र खरा पैसा आहे. तुमचे १,८०० आणि कंपनीचे ५५० दर महिन्याला खात्यात साठतात, कंपनीचे उरलेले १,२५० पेन्शन योजनेत जातात.

आता पुण्याचा खर्च. दोघांत खोली ६,५००, मेस ४,०००, येणं-जाणं २,०००, मोबाइल आणि किरकोळ १,५००, महिन्यातून एकदा गावी फेरी १,५००. झाले १५,५००. उरले सुमारे १०,८००. चाकण किंवा हिंजवडीत भाडं वेगळं पडेल, तेव्हा तिथे राहणाऱ्या गाववाल्याला विचारून आपला आकडा टाका.

भट्टीचा हिशेब

रोज १०० किलो कच्ची केळी घेणारी छोटी भट्टी धरा. साल निघाल्यावर साधारण ६० किलो गर राहतो. त्यातलं सत्तर टक्के पाणी तळताना उडतं आणि तयार वेफर्सच्या वजनात पंचवीस ते तीस टक्के तेल असतं. म्हणून १०० किलोचे २५ किलो वेफर्स होतात, चाराला एक. कुणी अडीचाला एक सांगत असेल तर तो सोललेल्या गराचं गणित सांगतोय. मशीन विकणाऱ्याच्या कागदावर हा घोळ हमखास सापडतो.

केळीचा भाव हा या धंद्याचा श्वास आहे. इथे क्विंटलचा भाव कधी ५०० च्या खाली जातो, कधी २,००० च्या वर. वेफर्सला बागेतला कमी दर्जाचा, वापसीचा मालही चालतो, मात्र तो कच्चा आणि भरलेला हवा. भट्टीवर पोच भाव एकदा १५ रुपये किलो आणि एकदा ६ रुपये किलो धरून पाहू. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या गावचे दर टाकून पुन्हा मांडा.

| रोजचा खर्च (२५ किलो वेफर्स) | केळी १५ रु. | केळी ६ रु. |
|---|---|---|
| केळी, १०० किलो | १,५०० | ६०० |
| तेल, ८ किलो | १,१२० | १,१२० |
| गॅस, सुमारे ६ किलो | ६०० | ६०० |
| सोलणाऱ्या दोघींची मजुरी | ७०० | ७०० |
| २०० ग्रॅमचे १२५ पाऊच | ३७५ | ३७५ |
| मीठ, मसाला, वीज | १५० | १५० |
| एकूण | ४,४४५ | ३,५४५ |
| एका किलोला | १७८ | १४२ |

दुकानदाराला २१० रुपये किलोने दिला तर रोज ८०५ किंवा १,७०५ सुटतात. महिन्याचे २४ दिवस भट्टी चालली तर १९,३२० किंवा ४०,९२०. त्यातून शेडचं भाडं ५,०००, माल पोचवायचं पेट्रोल ४,००० आणि चार लाखांच्या कर्जाचा पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी हप्ता ८,७०० वजा करा. उरतात वाईट महिन्यात १,६००, चांगल्या महिन्यात २३,२००.

नोकरीतले १०,८०० राहणं-खाणं वजा जाऊन आहेत. भट्टीच्या आकड्यात तुमचं जेवण, औषधपाणी धरलेलं नाही. घरी राहता म्हणून ते दिसत नाही, पण आई-वडील ते उचलत असतात. त्याचे महिन्याला ३,००० तरी कापा. म्हणजे वाईट महिन्यात भट्टी तोट्यात आहे.

यातून बाहेर काढते ती किरकोळ विक्री. रोजच्या २५ पैकी ५ किलो थेट गिऱ्हाइकाला २८० ने गेले तरी महिन्याला ८,४०० वाढतात. मोठी कढई घेऊन तेवढीच वाढ हवी असेल तर केळी महाग असताना रोज आणखी दहा-अकरा किलो माल काढावा आणि खपवावा लागेल. म्हणून पहिल्या वर्षी मशीनपेक्षा काउंटरला पैसा द्यावा, असं आमचं ठाम मत आहे.

माल कुठे बिघडतो

आवड टिकते की आटते ते इथे ठरतं, म्हणून जरा सविस्तर.

केळं झाडावरून उतरल्यावर पिकू लागतं, स्टार्चची साखर होते. अशी केळी तळली की चकत्या लालसर-तपकिरी पडतात, मऊ राहतात. उपाय एकच: घड आला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तळायचा, आणि जळगावच्या उन्हाळ्यात घड पत्र्याखाली ठेवायचा नाही. पाऱ्याने पंचेचाळीस गाठली की शेडमध्ये फळ आणि माणूस दोघांचेही हाल होतात. मे महिन्यात भट्टी पहाटे चारला पेटवून नऊला बंद करावी लागते.

चकती एक ते दीड मिलिमीटर. जाड झाली तर मध्ये ओल राहते आणि पाऊचमध्ये चार दिवसांत मऊ पडते. फार पातळ झाली तर तेल जास्त पिते आणि वाहतुकीत चुरा होतो. स्लायसर थेट कढईवर चालवला तर चकती काळी पडायला वेळच मिळत नाही. तेल १७० ते १८० अंशांवर हवं. एकदम जास्त माल सोडला की ते १५० च्या खाली येतं आणि वेफर्स तेलकट निघतात. नव्या माणसाची ही सर्वांत नेहमीची चूक. थर्मामीटर घ्या, अंदाजावर जाऊ नका.

तेल किती वेळा वापरायचं याला कायद्याची मर्यादा आहे: टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद. तेलाला फेस येऊ लागला, धूर लवकर सुटू लागला की समजा. काटकसर म्हणून तेच तेल ओढत राहिलात तर पंधरा दिवसांत माल खवट होऊन दुकानातून परत येतो, आणि दुकानदार पुढच्या वेळी पुडा हातात घेत नाही.

उपवासाचा माल वेगळा काढा. हळद किंवा मसाल्याचा घाणा ज्या कढईत झाला त्यातून 'उपवासाचे' म्हणून विकू नका. श्रावण आणि नवरात्र हा या धंद्याचा सुगीचा काळ, आणि तो त्या विश्वासावर उभा आहे.

उधारी, आणि अनुदानाचा गैरसमज

बंद पडलेल्या भट्ट्यांची कढई सहसा चांगलीच असते. पैसा दुकानांत अडकलेला असतो. किराणावाले पंधरा दिवसांची उधारी मागतात. पंधरा दिवसांत बारा दिवस भट्टी चालली तर ३०० किलो माल, २१० च्या भावाने ६३,००० रुपये बाहेर. केळीवाला आणि तेलवाला मात्र रोख मागतो. कर्जाचं सगळं मशीनला घालून खेळतं भांडवल शून्य ठेवलं तर तिसऱ्या पंधरवड्यात भट्टी थांबते. मशीनव्यतिरिक्त किमान दीड महिन्याचा कच्च्या मालाचा खर्च हाताशी हवा.

अनुदानाबद्दल गावोगाव चुकीची माहिती फिरते. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, विशेष गटांना ३५ टक्के मार्जिन मनी म्हणजे अनुदान आहे. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख, आणि जळगाव जिल्ह्याचं ठरलेलं पीक केळी आहे. पण ही रक्कम रोख हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहते आणि भट्टी चालू असेल तरच कर्जात वळती होते. तिच्यावर पहिल्या वर्षाचा घरखर्च मांडू नका. योजना सध्या अर्ज घेते आहे का, हे जिल्हा उद्योग केंद्रात किंवा कृषी कार्यालयात विचारूनच नोकरीबाबत ठरवा. शिकायला पाल आणि ममुराबादची कृषी विज्ञान केंद्रं जवळ आहेत.

बऱ्हाणपूर रावेरहून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून तिथे माल द्यायचा मोह होतो. ते मध्य प्रदेशात येतं. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात ४० लाखांपर्यंत लागत नाही. आणखी एक: जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय तो टॅग पाऊचवर छापता येत नाही.

काय परत मिळतं, काय नाही

मृगबाग, कांदेबाग या केळीच्या लागवडी दर वर्षी होतात. केळी दोन वर्षांनीही इथेच असेल. फ्रेशरची नोकरी तशी थांबत नाही. बऱ्याच कंपन्या त्या वर्षीच्या किंवा फार तर आदल्या वर्षीच्या बॅचलाच बोलावतात. म्हणून आमचा कौल सरळ आहे. अजून एकही किलो ओळखीबाहेरच्या माणसाला विकला नसेल, तर नोकरी घ्या. सहा महिने रोज पाच-आठ किलो जात असेल, तीच गिऱ्हाइकं परत येत असतील, घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल आणि वसुलीला जायला पाय जड होत नसतील, तर ऑफर नाकारण्यात धोका कमी आहे. शैक्षणिक कर्जाचा हप्ता तुमच्यावर असेल किंवा घरात कमावते एकटे तुम्हीच असाल, तर ती जबाबदारी हलकी होईपर्यंत भट्टी पुढे ढकला.

दोन्हींच्या मध्येही वाट आहे. रुजू होण्याची तारीख दोन-तीन महिने पुढे मागा. पुष्कळ ठिकाणी मिळते, आणि मागितली म्हणून सहसा ऑफर जात नाही. तेवढ्या काळात स्वतःचं काही न उभारता दुसऱ्याच्या भट्टीवर मजुरी देऊन माल तळून घ्या आणि नवरात्रात मनुदेवीच्या यात्रेत, मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत स्टॉल लावून विका. अन्नसुरक्षा नोंदणी त्याआधी करा. नोकरीत राहून घरच्यांच्या नावाने भट्टी चालवायची असेल तर करारातलं जोडधंद्याचं कलम वाचा. सरकारी नोकरीची ऑफर असेल तर हा मार्ग बंदच. परवानगीशिवाय खासगी व्यापार सेवानियमांत बसत नाही.

नाकारायचं तर असं

मुदतीच्या आत, मेलवर, तीन ओळींत: "आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे. स्वतःचा व्यवसाय सुरू करत असल्याने मी रुजू होऊ शकत नाही. पुढील उमेदवाराला वेळेत कळावे म्हणून आजच कळवत आहे." त्याच दिवशी एचआरला फोनही करा. लांबलचक कारणं देऊ नका, पगार वाढवून मागण्याचं हत्यार म्हणून नकार वापरू नका.

ऑफर आधी स्वीकारली असेल तर तीन गोष्टी तपासा: बाँडवर सही झाली आहे का, जॉइनिंग बोनस खात्यात आला आहे का (आला असेल तर परत करावा लागेल), आणि मूळ गुणपत्रिका कुणाकडे जमा आहेत का. कॅम्पसमधून मिळालेली नोकरी असेल तर प्लेसमेंट सेललाही कळवा, नाहीतर पुढच्या मुलांची कंपनी जाते. न कळवता गैरहजर राहणं सर्वांत वाईट.

आणि भट्टी सुरू करायची तारीख श्रावणापासून मागे मोजत ठरवा. छापील पाऊचच्या सिलिंडरला (छपाईच्या साच्याला) आणि छपाईला काही आठवडे जातात, वर किमान ऑर्डरही मोठी असते. पहिल्या हंगामाला साधा पाऊच आणि स्टिकर पुरे. त्यावर घटक, निव्वळ वजन, बॅच, तारीख, एमआरपी, पत्ता, ग्राहक-फोन, नोंदणी क्रमांक आणि हिरवा ठिपका असला पाहिजे.