कोलेस्टेरॉलच्या गोळीने पाय दुखतात : डोस कमी करावा, गोळी बदलावी की औषधच वेगळं घ्यावं?

रविवारी सिंहगड चढलात आणि मांड्या भरून आल्या, तर ते दुखणं दोन-चार दिवसांत उतरतं. स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचं, दुखणं असं उतरत नाही. ते बहुधा दोन्ही मांड्यांत, पोटऱ्यांत किंवा खांद्यांत सारखंच असतं आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत जाणवू लागतं. एकच गुडघा धरला असेल, तर कारण दुसरीकडे शोधा.

२०२२ मध्ये अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. स्नायूंची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांत २७.१ टक्के होती, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्के. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, पण गोळीवर ठपका ठेवण्याआधी सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्तचाचणी), टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. थायरॉइड मंदावला तरी अंग असंच दुखतं. सोबतची औषधंही डॉक्टरांना सांगा. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकमुळे स्टॅटिन गटातल्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

दोष गोळीचाच निघाला, तर माझं मत डोस कमी करण्याच्या बाजूने आहे. स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्याने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) जेमतेम ६ टक्के जास्त उतरतं. म्हणजे ४० मिलिग्रॅमची २० केल्याने फारसं बिघडत नाही, आणि जोडीला १० मिलिग्रॅम एझेटिमाइब घेतलं तर आणखी साधारण २० टक्के घट मिळते. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिनऐवजी रोसुव्हास्टॅटिन घेऊन बघणं हाही चांगला मार्ग. ते शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे काहींना डॉक्टर एक दिवसाआड देतात.

स्टॅटिन अजिबात सोसत नसेल, तर बेम्पेडोइक अ‍ॅसिड. ते यकृतात कार्यरत होतं, स्नायूंत नाही. पण युरिक अ‍ॅसिड वाढवतं, त्यामुळे गाउट (युरिक साठून सांधे सुजण्याचा आजार) असणाऱ्यांनी जपावं. पीसीएसके९ हे प्रथिन रोखणारी इंजेक्शनं एलडीएल निम्म्याहून खाली आणतात, मात्र खर्च मोठा.

स्टेंट बसलेल्यांनी किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये, ही कळकळीची विनंती. अपवाद एकच : लघवी चहासारखी गडद झाली आणि अंगातलं त्राण गेलं, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.