इंग्लंडच्या जुन्या घरात लाकडी स्टोव्ह: ‘फिटिंगसह’ पॅकेज कितपत परवडतं?

शंभर वर्षांच्या विटांच्या घरात, आधीपासून असलेल्या फायरप्लेसमध्ये ५ किलोवॅटचा स्टोव्ह बसवायला सगळं धरून साधारण ३ ते ४ हजार पौंड लागतात. पॅकेज याहून बरंच स्वस्त दिसत असेल तर काहीतरी यादीतून गाळलेलं आहे असं समजा, आणि ते बहुधा चिमणीच्या कामातलंच असतं.

खुद्द स्टोव्ह ७०० ते १,३०० पौंडांत चांगला मिळतो. बीडाचा असो की पोलादी, उबेत फार फरक पडत नाही. फसगत होते ती आकारात. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये काढून १४ने भागायचं, हा इथला ढोबळ हिशेब: ४ × ४ मीटरची आणि २.६ मीटर उंचीची खोली असेल तर उत्तर येतं ३ किलोवॅट. तरी दुकानात ८ किलोवॅटचा गळ्यात मारतात. मग खोलीत बसवत नाही, माणसं हवेची झडप आवळतात, लाकूड जळायच्या ऐवजी धुमसतं, काच काळी पडते आणि लायनरला, म्हणजे चिमणीत सोडलेल्या धुराच्या नळीला, आतून डांबर चढतं. चिमणी पेटते ती याच डांबराने. शिवाय जुन्या घरात ५ च्या वरच्या प्रत्येक किलोवॅटमागे ५५० चौरस मिलिमीटरचं कायम उघडं हवेचं भोक भिंतीत ठेवावं लागतं. उबेसाठी पैसे मोजून गार वारा आत घ्यायचा!

खरा खर्च वर चिमणीत आहे. १२५ मिलिमीटर व्यासाच्या ३१६ ग्रेड स्टीलच्या लवचीक लायनरला मीटरमागे २० ते ३० पौंड पडतात आणि दुमजली घराला ९-१० मीटर लागतो. नुसतं सुकं लाकूड जाळणार असाल तर ३१६ पुरतो; अधूनमधून धूरविरहित कोळसा टाकणार असाल तर महागडा ९०४च घ्या. १२५चा लायनर धूर-नियंत्रण क्षेत्रासाठी (जिथे चिमणीतून धूर सोडण्यावर बंधन असतं अशा भागासाठी) मान्यता असलेल्या स्टोव्हलाच चालतो, एरवी १५० लागतो. लायनरवर बाण छापलेला असतो. तो उलटा सोडला तर आतले पत्र्याचे जोड उलटे होतात आणि वरून ओघळणारं डांबरमिश्रित पाणी फटींतून बाहेर झिरपतं. फिटरला हा बाण दाखवायला सांगा, लाजू नका. खाली चिमणीचं तोंड बंद करणारी रजिस्टर प्लेट यादीत आहे का तेही पाहा. ती नसली तर ऊब सरळ वर जाते आणि काजळी स्टोव्हवर पडते.

पॅकेजबाहेर हमखास राहतात ते परांचीचं भाडं (२०० ते ५०० पौंड), धुराडं साफ करणं आणि फायरप्लेसचं भोक मोठं करणं. हे शेवटचं काम बेभरवशाचं. फायरप्लेसची भाजक्या मातीची पाठ फोडली की मागून पोतीच्या पोती राडारोडा निघतो, कधी लिंटेल तडकलेलं सापडतं. रांगेतल्या घरांत दोन धुराड्यांमधली विटांची पडदी ढासळलेली असू शकते, म्हणून ऑर्डर देण्याआधी धुराची चाचणी करून घ्यावी. स्टोव्हखालची फरशी १०० अंशांच्या वर तापत नसेल तर १२ मिलिमीटर जाडीची चालते, पण स्टोव्हच्या दारापासून ती २२५ मिलिमीटर पुढे आलेली हवीच.

फिटर हेटासकडे (असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंदलेला असला तर प्रमाणपत्र तोच देतो. नसला तर काउन्सिलच्या बांधकाम विभागाची वेगळी फी भरावी लागते, आणि घर विकताना वकील हा कागद मागतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. तो स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर लावायचा, स्टोव्हच्या डोक्यावर नाही.

एकूण पाहता, घर न बघता फोनवर आकडा सांगणाऱ्याला शून्य गुण. छपरावर चढून फोटो काढणारा, लायनरची लांबी आणि ग्रेड लिहून देणारा ४०० पौंड जास्त मागत असला तरी काम त्यालाच द्यावं.