एक काटा की चार पट्ट्या? जुन्या सेसनात मिक्श्चर लीन करताना कशावर भिस्त ठेवायची

मित्राचा मुलगा दोन भागीदार गाठून जुनं सेसना १७२ विमान घेतोय. सत्तरच्या दशकातलं, लायकमिंग ओ-३२० इंजिनचं, कार्ब्युरेटरवालं. पॅनेलवर ईजीटीचा, म्हणजे एग्झॉस्टच्या तापमानाचा, एकुलता एक काटा आहे. रविवारी पोहे-जलेबी खाता खाता त्याने विचारलं, "काका, एवढ्यावर भागेल की चारही सिलिंडर चार पट्ट्यांत दाखवणारा डिजिटल मॉनिटर टाकून घेऊ?" विमानांच्या इंजिनांत हात काळे करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे उत्तर पोह्यांपेक्षा बरंच लांबलं. तेच इथे लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट. लाल नॉब मागे ओढून हवा-पेट्रोलच्या मिश्रणातलं (मिक्श्चरमधलं) पेट्रोल कमी करणं म्हणजे लीन करणं; पेट्रोल जास्त ते रिच. इंदूरात लीन करण्याचा प्रश्न आकाशात नाही, जमिनीवरच सुरू होतो. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४१ वर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिनला आपण साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखंच वाटतं. डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात ती हीच. लायकमिंग ५,००० फुटांच्या पुढे टेकऑफलाही थोडं लीन करायला सांगते, कारण हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच असेल तर इंजिन गुदमरतं. समुद्रकाठी शिकून आलेली मुलं इथे लाल नॉब पुढे ठासून ठेवतात आणि विमान चढत नाही म्हणून मेकॅनिकला बोल लावतात. तुमच्या विमानाचं हँडबुक काय सांगतं ते बघा आणि त्याप्रमाणेच करा, पण फुल रिच म्हणजे सुरक्षित ही समजूत इथे चालत नाही.

आता काटा. नॉब हळूहळू मागे ओढला की एग्झॉस्टचं तापमान चढतं, एका टोकाला पोचतं आणि मग उतरू लागतं. ते टोक म्हणजे पीक. जुन्या सेसनाच्या काट्यावर आकडे नसतात, नुसत्या २५-२५ अंश फॅरनहाइटच्या रेघा असतात, आणि ते योग्यच आहे. ईजीटीच्या नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी सळई, नळीत दोन इंच अलीकडे-पलीकडे बसवला तरी तो बदलतो. पीकपासून किती लांब आहोत एवढंच काट्याला विचारायचं. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर पीकच्या साधारण १०० अंश रिच बाजूला थांबायचं. काटकसर हवी असेल तर ७५ टक्के पॉवर किंवा त्याखाली थेट पीकवर चाललं तरी लायकमिंगची हरकत नाही.

एका काट्याचं दुखणं असं की तो एकाच नळीचं किंवा नळ्या मिळतात त्या जागेचं सांगतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनमध्ये मिश्रण चारी सिलिंडरांना सारखं वाटलं जात नाही. कुणाच्या वाट्याला पेट्रोल जास्त, कुणाच्या वाट्याला कमी. सिलिंडरांच्या ईजीटीत १०० अंशांचा फरक असला तरी नवल नाही. काट्याचं सिलिंडर पीकपासून सुरक्षित अंतरावर असताना शेजारचं नेमकं नको तिथे बसलेलं असू शकतं.

एकदा असंच एक विमान वार्षिक तपासणीला आलं. लॉगबुक स्वच्छ, पायलटची तक्रार नाही, काटा शहाण्यासारखा वागत होता. कम्प्रेशन चेकला, म्हणजे सिलिंडर हवा किती धरून ठेवतं ते बघायला, ८० पौंडांची हवा भरली. तीन सिलिंडर ७४-७६ दाखवत होती, चौथं ५२. एग्झॉस्टच्या नळीला कान लावला तर हवेची सळसळ स्पष्ट ऐकू आली. बोअरस्कोप, म्हणजे आत डोकावायचा बारीक कॅमेरा, आत घातला, व्हॉल्व्हच्या एका कडेला हिरवट-तांबूस चंद्रकोर. जळायला लागलेला एग्झॉस्ट व्हॉल्व्ह! लीन केल्यामुळे तो जळला असं मी म्हणणार नाही. सीटवर नीट न बसणारा व्हॉल्व्ह कसंही उडवलं तरी जळतो. पण प्रोब दोन नंबरवर होता आणि आजार चार नंबरला, मग काट्याला कळणार कसं? चार पट्ट्यांचा मॉनिटर असता तर चार नंबरच्या ईजीटीत मिनिटाला एखाद्या वेळी येणारी संथ लाट दिसली असती. व्हॉल्व्ह फिरतो आणि जळकी कड जागा बदलते, म्हणून ती लाट येते.

मॉनिटरची खरी किंमत इथे वसूल होते. एका सिलिंडरची ईजीटी अचानक वर गेली आणि इंजिन किंचित थरथरलं तर एक स्पार्क प्लग मेलाय. ईजीटी पडतेय आणि सिलिंडरच्या हेडचं तापमान म्हणजे सीएचटी धावत सुटलीय, तर डेटोनेशन किंवा प्रीइग्निशन (मिश्रण स्फोटासारखं किंवा वेळेआधी पेटणं) समजा आणि पॉवर आधी कमी करा, विचार मग करा. हे सगळं मेमरीत नोंदलं जातं. उतरल्यावर मेकॅनिकला "काहीतरी वेगळं वाटलं" असं सांगण्याऐवजी आलेख दाखवता येतो.

ईजीटी आणि सीएचटी यांत निवडायचंच झालं तर मी डोळे मिटून सीएचटी घेईन. ईजीटी वाट दाखवते, इंजिनला इजा होते ती हेडच्या उष्णतेने. लायकमिंगची कमाल मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट आहे, पण तिथे जायचं नसतं. क्रूझला, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना, ४०० च्या आत राहिलात तर अ‍ॅल्युमिनियमवर ताण कमी पडतो. गंमत म्हणजे सीएचटी पीकवर सर्वाधिक नसते, पीकच्या ४०-५० अंश रिच बाजूला असते. "थोडं रिच ठेवलं, इंजिन थंड राहील" म्हणणारे नेमके तिथेच जाऊन बसतात. शिवाय सीएचटी आळशी आहे. नॉब हलवल्यावर ईजीटी दोन-चार सेकंदांत बोलते, सीएचटीला मिनिटभर लागतं. धीर धरा.

मुलाला मॉनिटर हवा होता तो मुख्यतः पीकच्या लीन बाजूला उडून पेट्रोल वाचवायला. इथे मी त्याला थांबवलं. त्या बाजूला हेड थंड राहतं आणि खर्च घटतो हे खरं, पण चारी सिलिंडर एकदमच पलीकडे गेली पाहिजेत. इंजेक्शनच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल देणाऱ्या, इंजिनवर ते जमतं. प्रत्येक सिलिंडर किती फ्युएल फ्लोला पीक होतं ते टिपायचं, आणि पहिल्या-शेवटच्यात ताशी अर्ध्या गॅलनपेक्षा कमी अंतर असलं तर इंजिन तयार आहे. कार्ब्युरेटरवर सहसा असं होतं की सगळ्यांत लीन सिलिंडर धडधडायला लागतं, तेव्हा दुसरं अजून गरम पट्ट्यातच रेंगाळत असतं. चार पट्ट्या दिसल्या म्हणून कार्ब्युरेटर सुधारत नाही. आणि क्रूझला उंचीवर नुसतं नीट लीन केलं तरी फुल रिचच्या मानाने ताशी गॅलनभर वाचतंच, त्यासाठी तो काटाही पुरतो. अ‍ॅव्हगॅस (या विमानांचं पेट्रोल) २०२२ पासून आपल्याकडे वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनायला लागलं, त्याआधी सगळं बाहेरून यायचं. तरी गॅलन म्हणजे गॅलन.

काटा नाही की मॉनिटर नाही, अशा विमानावर मी आरपीएम आणि कानावर काम चालवलंय. आरपीएम वाढून उतरायला लागली की जरा पुढे. फिक्स्ड प्रोपेलरवर हे आजही चोख चालतं आणि सगळ्या डिस्प्लेंच्या आधी शिकावं.

कागदपत्रांचं विसरू नका. मॉनिटरला तुमच्या मॉडेलसाठी एसटीसी (मूळ विमानात बदल करायचा परवाना) आणि डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाची मान्यता लागते. जेपीआय कंपनीचा ईडीएम-७३० सारखा मॉनिटर प्रायमरी नसतो, म्हणजे मूळ घड्याळं काढता येत नाहीत. ईडीएम-९०० प्रायमरी आहे, पण खर्च आणि मजुरी दोन्ही वाढतात.

महिन्यातून दोन-तीनदा उडवायचं, स्वतः एकट्याने उडवायचं आणि मेकॅनिक जवळचा असेल, तर काटा ठेवा आणि त्याच पैशांत बोअरस्कोप तपासणी नियमित करा. तीन भागीदार, तिघांच्या तीन सवयी असतील, तर चार पट्ट्या घ्या, पेट्रोलसाठी नव्हे, कुणी कसं उडवलं ते नंतर बघता यावं म्हणून. मुलगा दुसऱ्या प्रकारात मोडतो. ऑर्डर देण्याआधी त्याला आता एवढंच सांगितलंय की सौदा पक्का होण्यापूर्वी चारही सिलिंडरांचं कम्प्रेशन माझ्यासमोर घ्यायचं. गुरुवारी सकाळी जातोय, डबा काकू देणार आहे.