सहा महिने हातात आहेत: परिषद, इंटर्नशिप, शिकवणं की कोर्स?

पदव्युत्तर वर्गात किंवा पीएच.डी.ला असलेल्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये संधींचा तुटवडा कधीच नसतो. परिषद, उन्हाळी शाळा, इंटर्नशिप, दोन दिवसांची कार्यशाळा, शिवाय 'नेतृत्वगुण' वाढवणारं काहीतरी. तुटवडा असतो तो दिवसांचा. प्रबंध डोक्यावर, गाईड पुढच्या ड्राफ्टची वाट बघतायत, आणि समोर आलेलं सगळंच चांगलं दिसतंय. अशा वेळी मी दोन गोष्टी बघतो. प्रबंधाचे खरे किती दिवस जाणार? आणि संपल्यावर, मला न ओळखणाऱ्या माणसापुढे ठेवता येईल असं हातात काय उरणार? 'अनुभव मिळतो' हे उत्तर मी धरत नाही. अनुभव तर गाडी चुकल्यावरही मिळतो.

मोठी परिषद की छोटी बैठक

अमेरिकन जिओफिजिकल युनियन या पृथ्वी आणि अवकाश विज्ञानाच्या संघटनेच्या वार्षिक संमेलनाला वीस हजारांहून अधिक लोक येतात. एवढ्या गर्दीत नवख्या विद्यार्थ्याचं बारा मिनिटांचं भाषण म्हणजे अर्ध्या रिकाम्या खोलीत, पुढच्या वक्त्याची वाट बघणाऱ्या लोकांसमोर केलेलं पाठांतर. मी ते करून बसलोय. टाळ्या पडल्या, प्रश्न एकही आला नाही. त्याच परिषदेत पोस्टर लावलं असतं, म्हणजे काम एका मोठ्या कागदावर मांडून शेजारी उभा राहिलो असतो, तर दोन तासांत पाच-सहा जण तरी थांबून नीट बोलले असते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाला मोठ्या परिषदेत पोस्टरच मागा. भाषण 'मोठं' वाटतं, पण उपयोग पोस्टरचा जास्त.

छोट्या बैठकीचं गणित वेगळं. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सची परंपरा १९३१ पासूनची. साधारण पाच दिवस, शे-दोनशे माणसं, एकाच ठिकाणी राहणं-जेवणं. तिथे अप्रकाशित काम मांडतात, त्यामुळे स्लाइडचे फोटो काढायचे नाहीत, ऐकलेल्याचा बाहेर हवाला द्यायचा नाही, अशी अट असते. दुपारी मुद्दाम मोकळा वेळ ठेवतात आणि खरी ओळख तेव्हाच होते. बऱ्याच विषयांत मुख्य परिषदेच्या आधी दोन दिवसांचं गॉर्डन रिसर्च सेमिनार असतं, ते फक्त विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचे तात्पुरत्या नेमणुकीवरचे संशोधक) यांच्यासाठी. बुजऱ्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी. भौतिकशास्त्रवाल्यांसाठी फ्रान्समधली लेझूशची शाळा आहे, सेसिल डेविट-मोरेट यांनी १९५१ मध्ये सुरू केलेली. डोंगरात काही आठवडे, शिकवणारे आणि शिकणारे एकत्र.

इथे माझा दुसरा निकष लंगडा पडतो हे मान्य. अशा बैठकीतून कागदावर मिरवण्यासारखं फारसं उरत नाही. उरतात ती तीन-चार माणसं, जी पुढे तुमचा पोस्टडॉकचा अर्ज उघडून वाचतील. संशोधनातच राहायचं असेल तर मोठीपेक्षा छोटी निवडा. बाहेर पडायचा विचार असेल तर मोठी चालेल, कारण तिथे कंपन्यांचे स्टॉल आणि भरती करणारे लोक असतात.

पैशाचं आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी खर्च आपण करायचा आणि परतावा मागाहून मिळतो, तोही अनेक आठवड्यांनी. प्रवासखर्चाच्या अनुदानाची मुदत कधीकधी गोषवारा पाठवायच्या मुदतीच्या आधीच संपलेली असते.

शिकवणं की इंटर्नशिप

खरी ओढाताण इथे असते, कारण दोन्ही महिने खातात.

शिकवण्यात वेळ वर्गात जात नाही, तयारीत आणि तपासणीत जातो. पहिल्यांदा शिकवताना एका तासाच्या वर्गामागे चार-पाच तास सहज जातात. दुसऱ्यांदा तोच विषय घेतला तर खर्च निम्म्यावर येतो आणि शिकवणंही सुधारतं. तिसऱ्यांदा तेच प्रात्यक्षिक, तेच जर्नल, तेच गुण देणं हा विकास नव्हे, ती विभागाची सोय आहे. नाही म्हणायला शिका, किंवा बदल्यात काहीतरी मागा: दोन व्याख्यानं स्वतंत्र घेऊ द्या, एक प्रश्नपत्रिका मला काढू द्या. तिऱ्हाईताला दाखवायला उरतं ते हेच, म्हणजे स्वतः आखलेला अभ्यासक्रम, स्वतः काढलेले प्रश्न, विद्यार्थ्यांचे लेखी अभिप्राय. अमेरिकेत २००३ पासून चालणाऱ्या सर्टल या विद्यापीठांच्या जाळ्याने यात चांगली भर घातली. तिथे विद्यार्थी स्वतःच्या वर्गालाच संशोधनाचा विषय करतो: एखादी पद्धत बदलली तर शिकणं खरंच बदललं का, हे पुराव्याने तपासतो. अशी सोय नसली, तरी हे काम एका सत्रात स्वतःहून करता येतं.

इंटर्नशिप तीन महिन्यांची म्हणतात, पण हिशेब चार-साडेचारचा धरा. जायच्या आधी हातातलं काम आवरायला वेळ लागतो आणि परतल्यावर आपलाच कोड दुसऱ्याचा वाटतो. दुसरी अडचण गोपनीयतेच्या कराराची. तीन महिने उत्तम काम कराल आणि मुलाखतीत त्यातलं एक चित्रही दाखवता येणार नाही. सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा: यातलं काय प्रसिद्ध करता येईल, आणि मी सोबत आणलेल्या कल्पनेवर हक्क कुणाचा? परदेशात शिकत असाल तर व्हिसाची अट, फेलोशिप असेल तर ती मधल्या काळात थांबते का, हे गाईडच्या आधी कार्यालयात विचारा. गाईड मनापासून 'जा' म्हणतात, पण नियम त्यांनाही नेमके ठाऊक नसतात.

तरीही विद्यापीठाबाहेर जायचं मनात असेल, तर मी शिकवण्यापेक्षा इंटर्नशिपला झुकतं माप देईन. एक तर शिफारसपत्र वेगळ्या जगातून येतं. दुसरं, 'हे आपल्याला जमणार नाही' हे तीन महिन्यांत कळणं, नोकरी धरून तीन वर्षांनी कळण्यापेक्षा फार बरं. वेळ साधायची असेल तर प्रबंधात तसाही खंड पडतो तेव्हा जा: नमुने वाढतायत, परवानगी अडकलीय, पेपर (शोधनिबंध) नियतकालिकाकडे परीक्षणात गेलाय. शेवटच्या सहा महिन्यांत मात्र नको. तेव्हा गेलेले काही जण प्रबंध अर्धवट ठेवून तिथेच राहतात.

कोड लिहिणाऱ्यांना मधली वाट आहे. गूगल समर ऑफ कोड, म्हणजे मुक्त स्रोत (ओपन सोर्स) प्रकल्पांसाठी कोड लिहायचा उपक्रम, २००५ पासून चालतं आणि २०२२ पासून ते विद्यार्थ्यांपुरतं राहिलेलं नाही. घरून काम, सोबत मार्गदर्शक, आणि प्रकल्प तासांत मोजलेले, उदाहरणार्थ १७५ किंवा ३५० तासांचे. लिहिलेली प्रत्येक ओळ सार्वजनिक असते, म्हणजे गोपनीयतेचा प्रश्नच उरत नाही. माझ्या दोन्ही निकषांवर याच्याइतकं खरं उतरणारं दुसरं फारसं काही मला दिसलेलं नाही.

ऑनलाइन कोर्स की प्रत्यक्ष कार्यशाळा

कोर्सेरा आणि एडएक्स २०१२ मध्ये आले तेव्हापासून प्रमाणपत्रं स्वस्त झाली, आणि त्यांचं वजनही तेवढंच उरलं. मोफत कोर्सला नाव घालणारे पुष्कळ, शेवटपर्यंत जाणारे फार थोडे. एखादं तंत्र या महिन्यात प्रबंधासाठीच लागणार असेल तर कोर्स जरूर करा, नाहीतर ती नुसती टाळाटाळ होते, आणि अभ्यासासारखी दिसत असल्यामुळे ती पकडताही येत नाही.

संशोधकांना संगणकाचं काम शिकवणाऱ्या द कार्पेंट्रीज या संस्थेची कार्यशाळा बहुधा दोन दिवसांची असते: कमांड लाइन (आज्ञा टाइप करून संगणक चालवणं), गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), पायथन किंवा आर ही प्रोग्रामिंगची भाषा. शिकवणारा समोर टाइप करतो, आपण सोबत टाइप करायचं. अडलं की लॅपटॉपवर एका रंगाची चिठ्ठी, झालं की दुसऱ्या रंगाची. दोन दिवसांत कुणी प्रोग्रामर होत नाही, पण भीती जाते. धडे मुक्त परवान्याखाली आहेत, त्यामुळे कार्यशाळा जवळ होत नसेल तर चार मित्र मिळूनही ते पुरे करता येतात.

थ्री मिनिट थिसिस ही स्पर्धा क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केली. आपलं संशोधन सांगायला तीन मिनिटं, एक स्थिर स्लाइड, बाकी काही नाही. तयारीला आठवडा पुरतो आणि चित्रफीत हाती राहते. विचार करत बसू नका, नाव द्या.

आणि एक, ज्याचा मेल येत नाही

पेपरचं परीक्षण करायला शिकणं. याची जाहिरात होत नाही, प्रवास लागत नाही, दोन-तीन दिवसांत होतं, आणि स्वतःचा पेपर परीक्षकाच्या नजरेने वाचता येऊ लागतो. अनेक विद्यार्थी हे काम करतात, पण नाव गाईडचं लागतं. ते बरोबर नाही. परीक्षणाला आलेलं हस्तलिखित गोपनीय असतं, संपादकाला न विचारता ते कुणालाही दाखवायचं नसतं. तेव्हा गाईडना आधीच सांगून ठेवा: पुढच्या वेळी पेपर आला की मला सोबत घ्या, आणि उघडण्यापूर्वी संपादकांना माझं नाव कळवा. परवानगी आली तर नोंद तुमच्याही नावावर होते.